लाल खुणा आणि दुधाचा हिशेब

सांगलीच्या गावभागातून एका चाळिशीच्या ताईंचं पत्र आलं आहे. घर एकत्र: सासूबाई, ताई आणि त्यांचे मिस्टर, दीर-जाऊ, दोघींची मिळून तीन मुलं. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, दिरांचं दुकान, धाकटी जाऊ पतसंस्थेत नोकरीला. यंदा पाडव्याला दोघी जावांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या: सकाळी आमराई बागेत ४० मिनिटं चालायचं, रोज दहा पानं वाचायची आणि रात्री नऊनंतर मोबाईल बंद. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याशेजारी उरलेल्या जागेत, खुणा करायच्या. धाकटीची निळी, ताईंची लाल. एप्रिल-मे दोघी बरोबर चालायला गेल्या. जूनमध्ये शाळा उघडल्या, पाच डबे सुरू झाले, तेव्हा धाकटीनं सहालाच जावं आणि ताईंनी सगळं उरकून नऊनंतर एकटीनं, असं ठरलं. ते जमेना. आषाढापासून ताई न चालता, न वाचता लाल खुणा करत आहेत. धाकटी फिरून येते तोवर चहा आणि डबे तयार असतात. "आक्का, तुमच्याकडं बघून माझंपण होतंय बघा," असं ती म्हणाली की ताईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं. 'सवय २१ दिवसांत लागते म्हणे, मला पाच महिन्यांत लागली नाही. माझ्यात शिस्तच नाही. मिस्टरांचा पाठिंबा आहे, ते काही म्हणत नाहीत. धाकटीला खरं सांगू का? सांगितलं तर तिचाही हुरूप जाईल,' असं त्या लिहितात. शेवटी, वेगळ्या पेनानं, एक ओळ: 'बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं. मार्कलिस्ट २०१९ च्या पुरात भिजली होती, ती वाळवून ठेवली आहे.'

ताई, नमस्कार.

तुम्ही एकच विचारलंय, धाकटीला खरं सांगू की नको. त्यावर येतेच. पण आधी जरा उठा आणि कॅलेंडरातलं जूनचं पान काढा.

एप्रिल आणि मेच्या पानांवर तुमच्या लाल खुणा आहेत आणि त्या खऱ्या आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही असतील. मग त्या तुटायला लागतात. त्या आठवड्यात काय झालं? शाळा उघडल्या. काल सहा वाजता आमराईत असलेली बाई आज सहा वाजता पोळ्या लाटत होती. तुमची शिस्त कुठं पळून गेली नव्हती, ती ओट्यापाशी उभी होती. पाच डब्यांतला एक तरी डबा या काळात चुकला का? पत्रात तसं काही दिसत नाही.

आता त्याच पानावरचे दुधाचे आकडे बघा. आमच्याकडंही कॅलेंडर स्वयंपाकघरातच असतं. तेलाच्या बरणीच्या वर, खिळ्याला. त्याच खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, इतकी झिजलेली की लिहिताना नखं भिंतीला घासतात. चौकटीच्या एका कोपऱ्यात संकष्टी छापलेली, दुसऱ्यात सिलिंडर लावल्याची तारीख, मधे दूध: २, २, २॥, पाहुणे आले की ३. कडेला हळदीच्या बोटाचा ठसा. हा आकडा तुमच्या घरात कोण लिहितं? पैज लावते, तुम्हीच. वीस वर्षांच्या संसारात या सात हजारांवर नोंदी झाल्या. पुराच्या वेळी घर सोडावं लागलं होतं ते दिवससुद्धा तुम्ही परत आल्यावर 'दूध नाही' असं लिहून भरले असतील. माझ्या सांगलीच्या बहिणीनं भरले होते. चिखल काढायच्या आधी!

आणि तुम्ही म्हणता, माझ्यात शिस्त नाही.

ही दुधाची सवय लागली कशी, हे बघण्यासारखं आहे. कुणी ठराव केला नव्हता, कुणी कौतुकही केलं नाही. दूधवाल्याची हाक आली, पातेलं पुढं केलं, दूध गॅसवर चढवलं, आणि मान वर केली की समोर पेन्सिल. एक गोष्ट झाली की तिच्या शेपटाला धरून दुसरी होते, त्याच जागी, त्याच वेळी. सवयींचा अभ्यास करणारेही वेगळं काही सांगत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांना एकेक छोटी नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे पाहिलं गेलं. 'जेवणाबरोबर एक फळ' किंवा 'रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळणं' अशा साध्या गोष्टी, रोजच्या एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधलेल्या. ती गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण ही नुसती सरासरी. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची: मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही.

मग ते २१ दिवस आले कुठून? अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहून ठेवलं होतं की नाक-चेहरा बदललेल्या रुग्णांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळालं, चेहराही गळाला आणि उरलेला आकडा सकाळच्या सुविचारासारखा फिरत राहिला. त्या आकड्यापुढं तुम्ही पाच महिने मान खाली घालून उभ्या आहात.

आता जरा अवघड भागाकडं येते. रागावू नका.

तुमची सकाळ पाचला सुरू होते. आधी पाणी भरणं, मग सासूबाईंचं गरम पाणी, चहा, पाच डबे. सहा ते पावणेसात धाकटी चालून येते. आल्यावर तिला चहा मिळतो, डबा मिळतो, ती आवरून वेळेवर पतसंस्थेत जाते. म्हणजे कॅलेंडरवरची निळी खूण नुसती तिची नाही. तिच्या चालण्यातला अर्धा वाटा तुमच्या पोळपाटावर लाटला गेलाय. दोघींनी एकमेकींना साथ द्यायची असं पाडव्याला ठरलं होतं ना? ती साथ चालू आहे, रोज चालू आहे. फक्त एकाच बाजूनं, आणि ती कुठल्याच रंगानं कॅलेंडरवर उमटत नाही.

यात धाकटीचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तिला ते दिसलंच नसेल. लहान पोर, नोकरी, घाई. शिवाय नऊनंतरची वेळ तुम्ही स्वतःच कबूल केलीत. घरातली थोरली बाई 'माझं काय, मी नंतर जाईन' असं म्हणते तेव्हा समोरच्याला ते खरंच वाटतं. पण नऊनंतर म्हणजे नक्की किती वाजता? धुणं झाल्यावर? सासूबाईंच्या गोळ्या दिल्यावर? भाजीवाला येऊन गेल्यावर? 'नऊनंतर' ही वेळच नाही. दूध असं 'नंतर' येत असतं तर त्याचाही हिशेब राहिला नसता.

आणि एक पाहिलंत का? तुमचं चालणं खरं झालं ते एप्रिल-मेमध्ये, दोघी बरोबर निघायचात तेव्हा. जूनपासून तुम्ही बरोबर चालणं सोडून दिलंत आणि खुणा तेवढ्या शेजारी-शेजारी ठेवल्यात. सोबत गेली, हजेरी उरली. हजेरीच्या वहीत मुलं काय करतात ते शाळेत सगळ्यांनीच पाहिलंय.

सवय म्हणजे एकेकट्यानं दात-ओठ खाऊन करायची गोष्ट, हे आपल्याकडचं नव्हेच. आपल्या आज्यांकडं त्यासाठी शब्द होता: नेम. माझ्या आजीचा तुळशीपुढं दिवा लावायचा नेम होता. ती माहेरी गेली, आजारी पडली, सुतक आलं, तरी दिवा लागायचा. 'आज माझ्या वाटचा दिवा तू लाव गं,' असं शेजारणीला नाहीतर सुनेला सांगितलं की झालं. त्यानं नेम मोडला असं कुणी मानत नसे, आणि तिनंही शेजारणीच्या वाटचा दिवा कितीदा लावला असेल. नेम तिचा, पण तो पाळायला दोन-चार घरं.

आजोबांची गोष्ट जरा निराळी. ते कुंडलचे. आता कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहेत, तेव्हा ती औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे इतके भक्त की स्वतः तर घालायचेच, पण संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. शाळेची वेळ, शाळेचं अंगण, पुढं मास्तर, शेजारी चाळीस पोरं. आज घालावेत की नको हा प्रश्न कुणाच्या मनात यायला जागाच नाही. आजोबांना ती सवय म्हातारपणापर्यंत पुरली, पण एकट्यानं ते कधी घालत नसत. सुट्टीत आम्ही नातवंडं गेलो की पहाटे पांघरूण ओढून कुणातरी एकाला उठवायचे. मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, त्यांना नमस्कारांना माणूस लागत होतं.

मिस्टरांच्या पाठिंब्याबद्दल दोन शब्द. 'ते काही म्हणत नाहीत' हे तुम्ही पाठिंब्याच्या खात्यात टाकलंय. माझ्याकडं येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात हे वाक्य असतं म्हणून सगळ्याच वाचकांना सांगते: काही न म्हणणं ही अडथळा न आणण्याची पावती आहे, यापलीकडं तिची किंमत नाही. पाठिंबा हातानं द्यायचा असतो. पाणी भरणं हे पाठिंब्याचं उत्तम काम आहे, त्याला प्रशिक्षणही लागत नाही. कामावरची पाळी सकाळची असेल तर त्यांना जमणार नाही हे कबूल. पण दीर दुकान साडेसहाला तर उघडत नसतील? चहाचं पातेलं दिरांच्या हातानं चढलं तर दूध नासणार नाही.

आता तुमच्या प्रश्नावर येते. तुमच्यापुढं मला तीन वाटा दिसतात.

पहिली म्हणजे गप्प बसायचं आणि उद्यापासून खरं चालायला लागायचं. बहुतेक माणसं हीच निवडतील, आणि सरसकट वाईटही म्हणता येणार नाही. पण तुमच्या बाबतीत ती टिकणार नाही, कारण सकाळ तीच राहणार, डबे तेच राहणार. शिवाय दर खरी खूण करताना आधीच्या खोट्या खुणा समोर असणार. चालायला जाणं म्हणजे थकलेला हप्ता भरायला जाणं होऊन बसेल.

दुसरी वाट म्हणजे धाकटीला बसवून, डोळ्यांत पाणी आणून, सगळं कबूल करायचं. नका करू असं. तिच्यावर उगाच ओझं पडेल. आधी तिनं तुमची समजूत काढायची, मग स्वतःलाही अपराधी मानायचं. आणि सासूबाईंना दारातून काहीतरी भलतंच ऐकू जायचं. (सासूबाईंना हे सगळं आधीच माहीत असणार, बरं का. पावसाळ्यात आमराईत चालून आलेल्या बाईच्या चपला कोरड्या कशा, हे घरी बसलेल्या माणसाला न कळायला काय झालं?)

तिसरी वाट मला पटते. येत्या रविवारी सकाळी धाकटीला म्हणा, 'आज मीपण येते.' डबे नसतात, अडचण नाही. आमराईत एक फेरी होऊ द्या. दुसऱ्या फेरीला, चालता चालता सांगा. चालताना तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड बोलणं सोपं जातं. वाक्यं तुमचीच असू द्या, पण साधारण अशी: 'अगं, जूनपासून मी काही चालत-बिलत नाही. खुणा उगाच करत होते. तुला सांगायला लाज वाटत होती. डबे उरकून मला होत नाही. सहाला तुझ्याबरोबर यायचं तर होईल, पण मग सकाळचं काय करायचं ते आपण दोघी मिळून बघू.' एवढंच. माफी एकदा, थोडक्यात, आणि लगेच डब्यांचा विषय. खरा विषय तोच आहे.

तिचा हुरूप जाईल अशी तुम्हाला भीती आहे. थोडा वेळ ती गप्प होईलही, होऊ द्या. पण पाच महिने पावणेसातला परत येणारी बाई तुमच्या खुणांवर चालत नव्हती. तिला चालायला आवडायला लागलंय. तिला जे गमवावं लागेल ते वेगळंच आहे, आणि ते आधीच स्पष्ट असलेलं बरं: तिला काही सकाळी सोडाव्या लागतील.

हिशेब मांडून बघू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल सांगते. रोजच चाललं पाहिजे असं काही नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार धाकटीनं जावं. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुम्ही. रविवारी दोघी. दोघींचे चार-चार दिवस होतात, ४० मिनिटांप्रमाणे १६० मिनिटं. दोघींचंही भागलं, वर दहा मिनिटं उरली, आमराईच्या बाकावर बसायला. जी घरी राहील तिनं डबे करायचे. धाकटीच्या पोळ्या वातड होतील, मुलं तक्रार करतील, तेव्हा तुम्ही मधे पडायचं नाही. हे तुम्हाला चालण्यापेक्षा जड जाईल.

धाकटी म्हणाली की मला डबे झेपणार नाहीत, नोकरी आहे, तर? तेही खरं असू शकतं. मग काम तोडून वाटा. भाजी रात्री चिरून ठेवायची, ते तिच्याकडं. पाण्याच्या बाटल्या आणि डबे भरणं मुलांकडं, शाळेत जाणारं पोर स्वतःची बाटली भरू शकतं. पाणी मिस्टरांकडं किंवा दिरांकडं. तुमच्या वाट्याला फक्त पोळ्या उरल्या तरी सहा वाजायच्या आत मोकळ्या व्हाल. आणि यातलं काहीच जमत नसेल तर सकाळचा हट्ट सोडा. संध्याकाळी सासूबाईंची मालिका सुरू होते त्या वेळी नदीच्या घाटापर्यंत जाऊन या. पायांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही. पहाटे उठणारे तेवढे चांगले हे खूळ मोबाईलवरच्या व्हिडिओंनी फार वाढवलंय.

झोपेचंही बघा. पाचला उठता आणि साडेअकराला पाठ टेकता असं पत्रात आहे, म्हणजे साडेपाच तास. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. नवी सवय लावायच्या आधी ही गळती थांबवा. आणि एवढं करूनही दिवसभर अंग गळाल्यासारखं वाटत असेल तर चाळिशीतल्या बाईनं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड एकदा तपासून घ्यावं. आळस म्हणून जे स्वतःला बोललं जातं ते कधीकधी रक्तात सापडतं.

नऊनंतर मोबाईल बंद, ही तिसरी अट. पाळीवरच्या माणसाच्या घरात फोन बंद ठेवणं कठीण. इथं तुमच्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं होतं. मला त्या भोंग्याचं आवडतं ते हे की तो कुणाची हजेरी घेत नाही. कुणी किती पानं वाचली, कुणी कुणाच्या पुढं गेलं, विचारत नाही. सगळ्यांना एकाच वेळी रिकामं करतो, बस. घरातला एक जण फोन बघत असताना दुसऱ्यानं मनावर दगड ठेवून वाचायचं, हा छळ त्यात नाही.

तुमच्या घरात असा भोंगा कोणता, ते तुम्ही ठरवा. साडेआठला जेवणं होतात, त्यानंतर पाऊण तास सगळ्यांचे फोन फ्रिजवरच्या परडीत, दिरांचासुद्धा. मिस्टर पाळीवर असतील तर एक फोन चालू राहू दे, आवाज मोठा करून. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस करा. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतील आणि मुलगा तीनदा 'किती वाजले' विचारेल.

आता वाचनाचं. पत्रात तुम्ही कुठंही लिहिलेलं नाही की कोणतं पुस्तक वाचत होतात. दहा पानं, एवढंच. चालणं कुणी सुचवलं, वाचन कुणी, मोबाईल कुणी, तेही नाही. मला शंका येते की तिन्ही गोष्टी धाकटीच्या आहेत. तिला त्या हव्या होत्या, तुम्ही मोठेपणानं 'हो' म्हणालात. चुकीचं नाही. पण दुसऱ्याच्या मापाचं ब्लाऊज घालून मला ते का बसत नाही म्हणून स्वतःच्या अंगाला दोष द्यायचा, असं काहीतरी झालंय.

तुमचं माप पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. वेगळ्या पेनानं लिहिलेल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर गावभागातल्या घरांची काय दशा होती ते मी बहिणीकडं पाहिलंय. गाद्या फेकल्या, धान्य फेकलं, कपाटं फुगून दारं लागेनात. त्या सगळ्या राड्यात तुम्ही कधीकाळच्या एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलीची मार्कलिस्ट शोधून, चिखल पुसून, वाळत घातलीत. फॅनखाली घातलीत की गच्चीवर, वर दगड ठेवून? एवढं करणाऱ्या बाईला दहा पानं कंटाळवाणी वाटली असतील तर दोष पानांचा असेल.

म्हणून दहा पानं सोडा. मराठी, इतिहास, जो विषय तेव्हा होता त्याची चार पानं. वेळ 'रात्री कधीतरी' अशी नको. ओटा पुसून झाला की फडकं वाळत टाकायचं आणि तिथंच स्टुलावर बसून चार पानं. पुस्तक मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवा, डाग पडले तर पडू देत. 'अमुक झालं की तमुक' असं आधीच ठरवलेल्या गोष्टी नुसत्या 'करेन' म्हटलेल्यांपेक्षा जास्त पार पडतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हापुन्हा तपासलेलं आहे. तुम्हाला ते दुधानं आधीच शिकवलंय.

खुणा दोन महिने बंद ठेवा, लाल आणि निळ्या दोन्ही. आषाढातल्या खोट्या खुणा खोडत बसू नका, ते पान तसंच उलटू द्या. दुधाचा आकडा मात्र चालू ठेवा!

असेच गट करून बसलेल्या इतर वाचकांना एवढंच विचारते: रोज व्हॉट्सॲपवर पावलांचे आकडे टाकता, अंगठे दाखवता. त्यातल्या कुणाच्या पोराला तुम्ही कधी अर्धा तास सांभाळलंय, म्हणजे ती बाई बाहेर पडू शकेल? एकटे राहणारे, नोकरीसाठी पुण्याला खोली करून असलेले, त्यांना वाटेल आमच्याकडं कोण आहे. शेजारच्या खोलीतल्या मित्राला 'मी सहाला उठलो की तूपण दार उघडून बाहेर ये' एवढं सांगून बघा. माणूस दारात उभा आहे म्हटल्यावर पांघरूण आपोआप सुटतं.

ताई, आता शेवटचं काम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं सांगलीत आहेत, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते विद्यापीठ आहे, बी.ए. तिथं करता येतं. जवळच्या केंद्रात जाऊन प्रवेश कधी सुरू होतात आणि तुमचं जुनं वर्ष धरलं जाईल का, हे विचारा. लगेच पैसे भरू नका, आधी चौकशी. जाताना ती वाळवलेली मार्कलिस्ट न्या, पण आदल्या दिवशी तिच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा, आणि कुणी सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. शाई फुटून आकडे वाचता येत नसतील तर शिवाजी विद्यापीठाकडं दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कोल्हापूरला जायची वेळ आलीच तर धाकटीला रजा टाकायला सांगून बरोबर न्या. त्या दिवशीचे डबे घरातल्या पुरुषांनी करावेत, आणि दुधाचा आकडाही त्यांनीच लिहावा.